आरतीवर कॉपीराइट कुणाचा?

प्रश्न : मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात बीकॉमला शिकवते. कॉपीराइटचा टॉपिक आला की वर्ग पेंगतो. गाणी वाजवून शिकवावं म्हणतेय, पण वर्गात गाणं लावणं हेच बेकायदा नाही ना?
– एक प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : मॅडम, बिनधास्त लावा. १९५७ च्या कायद्यातलं कलम ५२ बघा, कॉलेजच्या कामाचा भाग म्हणून गाणं लावलं किंवा मुलांनी गायलं आणि ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असले तर परवानगी लागत नाही. गॅदरिंगलाही तेच, पण बाहेरचं पब्लिक आलं की ही सवलत गेली.

फक्त सुरुवात फिल्मी गाण्याने नको, पोरं गाण्यातच रमतात. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ घ्या. शब्द समर्थ रामदासांचे, ज्यांनी आपल्या टाकळीला तप केलं, म्हणजे सतराव्या शतकातले, त्या शब्दांवर आज कुणाचाच हक्क नाही. मग त्याच आरतीचं एखाद्या कंपनीचं नवं रेकॉर्डिंग लावा आणि विचारा, हे माझ्या रीलला लावू का? बरेच जण हो म्हणतील, देवाची आरती कुणाच्या मालकीची कशी असेल! इथेच थांबा, घाई करू नका, कारण सगळा धडा इथेच आहे. शब्द वेगळे, चाल वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. शब्द आणि चालीचा हक्क लिहिणारा किंवा चाल बांधणारा गेल्यावर ६० वर्षं, रेकॉर्डिंगचा ते बाहेर आल्यापासून ६० वर्षं. नाशिक ढोलचंही असंच, ठेका सगळ्यांचा, पण एखाद्या पथकाचं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही.

आता बाकावर ताल धरून मुलांनाच पारंपरिक चालीत आरती म्हणू द्या, एकाला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा आणि विचारा, मालक कोण? मोबाइल त्याचा, गळे यांचे, सांगितलं तुम्ही. कायदा म्हणतो रेकॉर्डिंग करायचा पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो निर्माता, शिवाय गाणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क वेगळेच. भांडू द्या त्यांना, मला तर हा भाग सगळ्यात आवडतो.

‘३० सेकंद वापरलं तर चालतं’ असं कुणीतरी म्हणेलच. असा आकडा कायद्यात कुठेच नाही, हे ठासून सांगा.

आणि हो, लेक्चरचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकणार असाल तर कंपनीचं रेकॉर्डिंग वाजतं तेवढा भाग कापा, वर्गातली सवलत तिथे चालत नाही. मुलांनी म्हटलेली आरती ठेवा, पण आधी त्यांना विचारून.