भाव वाढला, लागवड वाढली, पुढे काय?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातली, बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑनलाइन कोर्समध्ये सिस्टिम्स थिंकिंग शिकले आणि फार आवडलं. यातच करिअर करावंसं वाटतं. पण वडील विचारतात, "हे नेमकं असतं काय?" आणि मला सांगता येत नाही. काय करू?

उत्तर : वडिलांचा प्रश्न उद्या मुलाखतीतही येणार आहे, म्हणून आधी तोच घेऊ. विषयाचं नाव काढू नकोस. कांद्यावर बोल.

"बाबा, यंदा रोप जास्त का टाकलं?"

"गेल्या साली भाव होता ना."

"शेजारच्यांनी?"

"सगळ्यांनीच."

"मग एप्रिलमध्ये?"

भाव पडतो, हे उत्तर त्यांना तुझ्याआधी ठाऊक आहे. तुझं काम पुढच्या प्रश्नापासून सुरू होतं : सगळ्यांना कळतं, तरी पुन्हा पुन्हा हेच का होतं? पहिल्यांदा व्यापारी आणि सरकार यांची नावं येतील. त्यात तथ्य आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ पर्यंत राहिली. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये निर्यात चालू असतानाही भाव कोसळले होतेच. इथे घाई करू नकोस, त्यांना बोलू दे. रोप टाकताना आजचा भाव दिसतो, माल मात्र पाच-सहा महिन्यांनी निघतो. कांदा साठवायला चाळ असलेला शेतकरी उन्हाळ कांदा काही महिने धरून ठेवतो. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं असलेला विकून मोकळा होतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा आणि सगळ्यांचा मिळून तोट्याचा. भावामुळे लागवड, लागवडीमुळे आवक, आवकेमुळे पुन्हा भाव. हे वहीवर बाणांनी काढून दाखव आणि मगच सांग, की यालाच फीडबॅक लूप म्हणतात, आणि एकेकाला दोष देण्याऐवजी असे लूप शोधून सगळं मिळून कसं चालतं ते पाहणं म्हणजे सिस्टिम्स थिंकिंग.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात हेच केलं. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कधी कामगार कमी पडत, तर कधी कपात करावी लागे. सगळे दोष बाजाराला देत होते. फॉरेस्टरांनी हाताने आकडेमोड करून दाखवलं, की बाहेरची मागणी स्थिर राहिली तरी कंपनीच्या स्वतःच्या भरतीच्या आणि मालाच्या नियमांमुळे हे चढउतार होऊ शकतात. असे लूप आकड्यांत मांडून तपासणारा सिस्टिम डायनॅमिक्स हा विषय तिथून उभा राहिला.

आता करिअर. 'सिस्टिम्स थिंकर पाहिजे' अशी जाहिरात तुला सहसा दिसणार नाही, त्यामुळे फक्त याच विषयाच्या भरवशावर राहू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. एक भक्कम विषय हातात हवा. तुझ्याकडे शेती आहे, ती सोडू नकोस. कृषी अर्थशास्त्रासाठी पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट बघ, कृषी व्यवस्थापनासाठी पुण्याचीच वैम्निकॉम आणि हैदराबादची मॅनेज या संस्था. ग्रामीण तंत्रज्ञान आणि पाणी यांत रस असेल तर आयआयटी मुंबईचं सितारा केंद्र. प्रवेशाच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच तपास. पुढे शेतकरी उत्पादक कंपन्या, पाणलोट विकासाच्या संस्था, पीककर्ज देणाऱ्या बँका इथे तुझी ही नजर खरोखर उपयोगी पडेल.

या सुट्टीत एक काम कर. वेन्सिम पीएलई हे अशी मॉडेलं बनवायचं सॉफ्टवेअर शिक्षणासाठी मोफत आहे. लासलगाव बाजार समितीची काही वर्षांची आवक आणि भाव घे, वडिलांच्या वहीतली लागवड घे आणि छोटं मॉडेल बनव. चुकलं तर कुठे चुकलं ते वडिलांनाच विचार. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्राच्या आधी ते मॉडेल पुढे ठेव.