अर्लहॅमला जावं का?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

अर्लहॅम कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं वाचून फार आनंद झाला. घरचे म्हणताहेत, हे नाव कुणी ऐकलेलंही नाही, अमेरिकेतच जायचं तर मोठ्या शहरात जा. त्यांची काळजी समजते. पण मला विचारशील तर जा.

कॉलेज आहे ते रिचमंड हे इंडियाना राज्याच्या पूर्व टोकाचं, ओहायो राज्याच्या हद्दीलगतचं छोटं शहर. बाहेर पडलं की मका नि सोयाबीनची शेतं. स्वतःची गाडी नसली की राज्याच्या राजधानीला, इंडियानापोलिसला जायलाही कुणाची तरी सोबत शोधावी लागते. नोव्हेंबरात अंधार लवकर पडायला लागला की एकटं वाटेल. तेवढ्यावरून निर्णय चुकला असं ठरवू नकोस.

क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १८४७ मध्ये तिथे निवासी शाळा काढली, १८५९ मध्ये तिचं कॉलेज झालं. जवळच फाउंटन सिटीत लेव्हाय आणि कॅथरीन कॉफिन या क्वेकर दांपत्याचं घर आहे. गुलामगिरीतून पळालेल्या शेकडो माणसांना त्यांनी आसरा दिला. पहिल्याच सत्रात ते पाहून ये, म्हणजे या कॉलेजची मुळं कळतील. क्वेकर व्हायची अट नाही. बहुतेक विद्यार्थी क्वेकर नसतातच. प्राध्यापकांना मात्र नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. सुरुवातीला तुझी जीभ धजणार नाही.

खरं शिकायचंय ते तिथल्या सभांमधून. क्वेकर पद्धतीत हात वर करून मतं मोजत नाहीत. एक जण बोलतो, मग थोडी शांतता, मग दुसरा. सूत्रं सांभाळणारी व्यक्ती सभेचा कल शब्दांत मांडते आणि तो सगळ्यांना मान्य आहे का, हे विचारते. न पटणारा तसं सांगून बाजूला राहू शकतो, किंवा निर्णय थांबवूही शकतो. यात वेळ जातो, चीडही येते. तू वादविवाद स्पर्धांत घडलेली. समोरच्याचं वाक्य संपण्याआधी तुझं उत्तर तयार असतं. तिथे आधी नीट ऐकावं लागेल. म्हणून एखाद्या समितीत किंवा विद्यार्थी गटात पहिल्या वर्षीच शिर. छोट्या कॉलेजात कोपऱ्यात बसून राहिलीस, तर तिथे जाण्याचा अर्धा फायदा गेला.

आता पैशांचं. शिष्यवृत्तीत फक्त फी आहे की राहणं-जेवण आणि आरोग्य विमाही, हे लेखी विचार. हिवाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का, तेही. उत्तर आलं की मला पाठव, बाबांशी बोलण्याआधी आपण दोघं बसून हिशेब मांडू.

तुझा,
काका