वाचकांचे प्रश्न : रिकामी फोर्कलिफ्ट का कलंडते?

प्रश्न : आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट वळणावर आडवी झाली. फोर्कवर, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या दोन आडव्या दांड्यांवर, माल नव्हता, चालकही जुनाजाणता आणि परवानाधारक. माल नसताना गाडी पलटतेच कशी? प्रशिक्षणात काय राहून गेलं असेल?

उत्तर : बाजूवर कलंडण्याचा धोका रिकाम्या गाडीलाच जास्त असतो आणि नेमकं हेच अनेक प्रशिक्षणांत सांगायचं राहून जातं. नेहमीच्या फोर्कलिफ्टला चाकं चार दिसली तरी तिचा तोल तीन बिंदूंवर असतो : पुढची दोन चाकं आणि मागचा अ‍ॅक्सल जिथे मधोमध पिनवर डोलतो ती जागा. या त्रिकोणाबाहेर गुरुत्वमध्य (वजनाचा मध्य) गेला की गाडी पडते. माल नसला की काउंटरवेटमुळे, म्हणजे मालाला तोलण्यासाठी मागे बसवलेल्या जड वजनामुळे, हा मध्य मागे सरकतो, आणि तिथे त्रिकोण निमुळता असतो. त्यात मास्ट (फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा) वर असेल आणि वळण वेगात घेतलं, तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. स्टीअरिंग मागच्या चाकांना असल्यामुळे ती वळतेही झटकन.

म्हणून सराव रिकाम्या गाडीवरही घ्या. फोर्क जमिनीपासून 15 ते 20 सेंटिमीटरवर, मास्ट किंचित मागे झुकवलेला, वेग वळणाच्या आधीच कमी. मग गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून कलंडण्याची तालीम करा : सीटबेल्ट लावलेला, स्टीअरिंग घट्ट धरलेलं, पाय रोवलेले, अंग पडत्या बाजूच्या उलट झुकवलेलं. माणूस घाबरला की उडी मारतो आणि डोक्यावरच्या गार्डखाली सापडतो. हात-पाय आपोआप योग्य जागी जाईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करून घ्या. मागून चढायच्या, उभ्याने चालवायच्या गाडीत मात्र नियम वेगळा आहे. तिथे मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं.

प्रश्न : गाडीच्या क्षमता-प्लेटवर 2000 किलो लिहिलंय, आमचा खोका 1800 किलोचा. तरी ब्रेक मारताच मागची चाकं उचलली. प्लेट चुकीची आहे का?

उत्तर : प्लेटवर किलोशेजारी मिलिमीटरचाही आकडा असतो, तो बघा. समजा तिथे 500 लिहिलंय. याचा अर्थ, मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून 500 मिलिमीटरवर असेल तरच 2000 किलो. तुमचा खोका 1400 मिलिमीटर लांब असेल तर मध्य 700 वर जातो. पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कचा उभा भाग 400 मिलिमीटर धरला, तर 2000 × 900 ÷ 1100, म्हणजे साधारण 1636 किलो. 1800 किलो त्याच्या वरच आहेत. हा हिशेब समजण्यापुरताच; उचलताना उत्पादकाचा तक्ताच प्रमाण मानायचा. साइड शिफ्टरसारखं (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारं) काही जोडलं असेल तर क्षमता आणखी घटते आणि त्यासाठी नवी प्लेट लागते.

प्रशिक्षणात प्रत्येक चालकाच्या हाती मोजपट्टी द्या आणि रोजचाच माल मोजायला लावा. फळ्यावर काढलेल्या चौकोनी खोक्यापेक्षा यातून खूप जास्त कळतं.

प्रश्न : उतारावर माल वरच्या बाजूला की खालच्या?

उत्तर : भरलेल्या गाडीत माल कायम चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्समध्ये यायचं. रिकाम्या गाडीत फोर्क उताराकडे. रॅम्पवर वळायचं नाही, तिरकंही जायचं नाही.

प्रश्न : एकदा प्रशिक्षण झालं की पुरे ना?

उत्तर : नाही. अपघात झाला, थोडक्यात टळला, गाडीचा प्रकार बदलला किंवा रॅकची मांडणी बदलली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता पुन्हा घ्या. त्यात शिफ्टपूर्व तपासणीही हाताने करून घ्या. फोर्क जिथे काटकोनात वळतो ती टाच बघायला शिकवा, कारण झीज आणि तडे तिथेच आधी दिसतात. 40 मिलिमीटर जाडीचा फोर्क 36 वर आला, म्हणजे 10 टक्के झिजला, की त्याची ताकद सुमारे 20 टक्क्यांनी घटते, तो बदलायचाच. हायड्रॉलिक होजची (दाबाखालचं तेल वाहणाऱ्या नळीची) गळती कधीही हाताने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं आणि जखम बारीक दिसली तरी तडक रुग्णालय गाठावं लागतं.