वाचकांचे प्रश्न : 64 समभागांचे 19 होणार, मग नुकसान कोणाचे?

प्रश्न : मी कोथरूडला राहते आणि निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या यजमानांनी पूर्वी घेतलेले एका कंपनीचे 64 समभाग कागदी प्रमाणपत्रांच्या रूपात कपाटात आहेत. यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. समभाग त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. आता ही कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन होणार असल्याची नोटीस त्यांच्याच नावाने घरी आली असून, तीत 10 समभागांमागे मोठ्या कंपनीचे 3 समभाग देण्याचा प्रस्ताव आहे. सध्या आमच्या समभागाचा भाव 290 रुपये आणि मोठ्या कंपनीचा 1,000 रुपये आहे. म्हणजे माझ्या 64 समभागांचे जेमतेम 19 होणार. हे नुकसान नाही का? विरोधात मत द्यावे, की आत्ताच विकून मोकळे व्हावे? करही भरावा लागेल का?

उत्तर : समभागांची संख्या घटते म्हणून नुकसान होते, असे मानण्याचे कारण नाही. 64 समभागांना 10 ला 3 या प्रमाणाने 19.2 समभाग मिळतात आणि 1,000 रुपये भावाने त्यांची किंमत 19,200 रुपये होते. तुमच्या हातातल्या समभागांची आजची किंमत 18,560 रुपये आहे. राहिलेल्या 0.2 चा वेगळा समभाग मिळत नाही. सर्व भागधारकांचे असे अपूर्णांक एकत्र करून ते बहुधा एका विश्वस्तामार्फत विकले जातात आणि ज्याच्या त्याच्या वाट्याची रक्कम बँकेत जमा होते. प्रमाण न्याय्य आहे की नाही, हे मात्र संख्येवरून कळत नाही. त्यासाठी नोटिशीसोबतच्या जाडजूड पुस्तिकेतील नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल आणि त्यावरील मर्चंट बँकरचे (कंपन्यांना अशा व्यवहारांत सल्ला देणाऱ्या वित्तसंस्थेचे) मत ही पाने वाचावीत. बहुतेक भागधारक नेमकी तीच पाने उलटून पुढे जातात.

आता 18,560 आणि 19,200 यांमध्ये जो 640 रुपयांचा फरक आहे, तो कोणी तुम्हाला देऊ केलेला नफा नव्हे. विलीनीकरण पुरे व्हायला लागणारा वेळ आणि ते पुरे न होण्याची शक्यता, या दोन्हींची किंमत बाजार आजच्या भावातून वजा करतो. एचडीएफसी लिमिटेड आणि एचडीएफसी बँक यांच्या विलीनीकरणाची घोषणा 4 एप्रिल 2022 रोजी झाली आणि ते 1 जुलै 2023 रोजी अमलात आले, म्हणजे सुमारे पंधरा महिने गेले. झी आणि सोनी या दूरचित्रवाणी कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या योजनेला तर, अशा योजनांना अंतिम मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची मंजुरी ऑगस्ट 2023 मध्ये मिळाली होती, तरीही जानेवारी 2024 मध्ये सोनीने करार संपुष्टात आणला आणि झीचा समभाग एका दिवसात सुमारे 30 टक्क्यांनी कोसळला. योजना अमलात येईपर्यंत तुमच्याकडे जुन्याच कंपनीचा समभाग असतो, पण त्याचा भाव मोठ्या कंपनीच्या भावामागे फिरत राहतो. त्यामुळे विकावे की ठेवावे, याचे उत्तर एकाच प्रश्नात आहे : मोठ्या कंपनीचा समभाग आजच्या भावाने तुम्ही स्वतःहून विकत घेतला असता का?

मताविषयी. कंपनी कायदा 2013 नुसार मतदान करणाऱ्या भागधारकांपैकी संख्येने बहुमत आणि त्यांच्याकडील समभागांच्या मूल्याने तीन-चतुर्थांश भागधारक बाजूने असल्यासच योजना पुढे जाते. न्यायाधिकरणाची मंजुरी मिळून ती अमलात आली, की विरोधात मत दिलेल्यालाही ती बंधनकारक असते. नापसंतीदाखल समभाग कंपनीला ठरावीक किमतीत परत विकण्याचा हक्क त्याला मिळत नाही. (कंपनी ताब्यात घेतली जाते तेव्हा जाहीर होणारी खुली ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे समभाग ठरावीक भावाने विकत घेण्याचा प्रस्ताव, वेगळी. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात.) योजनेला रीतसर हरकत घेण्यासाठी किमान 10 टक्के भागभांडवल असावे लागते, तेव्हा 64 समभागांच्या बळावर तो मार्ग नाही.

तथापि तुमच्या बाबतीत खरी अडचण प्रमाणाची नाही, नावाची आहे. कंपनीच्या सभासद नोंदवहीत आजही यजमानांचेच नाव असल्याने तुम्ही मतदान करू शकत नाही आणि विकूही शकत नाही. शेअर बाजारात सूचिबद्ध कंपनीचे कागदी समभाग 1 एप्रिल 2019 पासून तसेच्या तसे दुसऱ्याला विकून त्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसाच्या नावावर ते होऊ शकतात, पण पुढे विकण्यासाठी डीमॅट खाते (समभाग इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्याचे खाते) लागतेच. तेव्हा पहिले काम असे : कंपनीच्या रजिस्ट्रारचे (भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेचे) नाव आणि पत्ता नोटिशीवर छापलेला असतो, त्यांच्याकडे मृत्यूचा दाखला, मूळ प्रमाणपत्रे आणि तुमची पॅन व बँकेची कागदपत्रे देऊन वारसाहक्काने नावबदलाचा अर्ज करावा. नामनिर्देशन नसले, तरी एवढ्या रकमेसाठी सहसा न्यायालयाच्या वारसा दाखल्याची गरज पडत नाही; प्रतिज्ञापत्र, हमीपत्र आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र पुरते. मुले परगावी असल्यास सर्वाधिक वेळ याच पत्राला लागतो, म्हणून ते आधी मागवावे. यजमानांची सही किंवा नावाचे स्पेलिंग प्रमाणपत्रावर एक आणि पॅनवर दुसरे, हा प्रकारही नित्याचा आहे. तोही आत्ताच पडताळून पाहावा.

हे सारे रेकॉर्ड डेटपूर्वी, म्हणजे नवे समभाग कोणाला द्यायचे हे ज्या दिवशीच्या नोंदींवरून ठरते त्या दिवसापूर्वी, उरकले तर नवे समभाग थेट तुमच्या डीमॅट खात्यात येतील. नाही उरकले तरी ते बुडत नाहीत, कंपनी ते वेगळ्या खात्यात राखून ठेवते. मात्र मग जुन्या कंपनीचा रजिस्ट्रार सोडून नव्या कंपनीच्या रजिस्ट्रारकडे तेच हेलपाटे घालावे लागतात.

कराचे म्हणाल, तर भारतीय कंपनीत विलीन होताना जुन्या समभागांच्या बदल्यात केवळ समभाग मिळाले, तर त्या अदलाबदलीवर कर लागत नाही. नवे समभाग विकाल तेव्हा सर्वसाधारणपणे यजमानांनी दिलेली मूळ किंमत आणि त्यांनी खरेदी केलेली मूळ तारीखच धरली जाते, म्हणून जुनी खरेदी-पावती सापडल्यास जपून ठेवावी. अपूर्णांकापोटी मिळणारी रक्कम मात्र विक्रीची रक्कम ठरते आणि विवरणपत्रात दाखवावी लागते.

प्रश्न : विलीन झालेल्या कंपनीच्या भागधारकाला नव्या कंपनीचे समभाग मिळतातच ना? (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : मिळतातच असे नाही. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 2006 मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली तेव्हा भागधारकांना समभाग न मिळता प्रति समभाग 28 रुपये रोख मिळाले. नोव्हेंबर 2020 मध्ये लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँकेच्या भारतीय कंपनीत विलीन झाली, तिच्या भागधारकांना काहीच मिळाले नाही. ही दोन्ही विलीनीकरणे अडचणीतल्या बँकांची होती आणि ती रिझर्व्ह बँक व केंद्र सरकार यांच्या योजनेनुसार झाली. तेथे भागधारकांचे मतदान नसते.