काम थांबवलं, कंपनी थांबवली नाही

प्रश्न: मी फ्रीलान्स सॉफ्टवेअर डेव्हलपर. एक क्लायंट व्यक्तीच्या नावावर काम द्यायला तयार नव्हता, म्हणून चार वर्षांपूर्वी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. दुसरी संचालक पत्नी, फक्त नावापुरती. पुढे मला नोकरी लागली आणि कंपनीचं काम बंद पडलं. इन्कम टॅक्स रिटर्न भरत आलो, पण कंपन्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी रजिस्ट्रारकडे गेल्या दोन आर्थिक वर्षांचं काहीच दाखल केलेलं नाही. लेट फी दीड लाखाच्या पुढे गेली आहे. कंपनी तशीच सोडून दिली तर रजिस्ट्रार आपोआप नोंदवहीतून नाव काढून टाकतील ना? पत्नी तिच्या माहेरच्या कंपनीतही संचालक आहे. तिला काही त्रास होईल का?

उत्तर: खरा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारलाय. या अर्थाची पत्रं मला सतत येतात आणि बहुतेकांत चर्चा फक्त लेट फीची असते. फीचं नंतर बघू.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १६४(२) वाचा. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षं वित्तीय विवरणपत्रं किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल केलं नाही, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. दोन्हींपैकी एक राहिलं तरी पुरे. तुमची दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षाची वार्षिक सभा येत्या ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची आहे. त्या दिवशी घेतलीत तर एओसी-४ (वित्तीय विवरणपत्रांचा फॉर्म) ची मुदत ३० ऑक्टोबर आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरणपत्राचा फॉर्म) ची २९ नोव्हेंबर. सभा घेतलीच नाही तरी मुदत पुढे जात नाही, ज्या दिवसापर्यंत ती व्हायला हवी होती तिथून मोजली जाते.

हे दोन फॉर्म वेळेत गेले तर सलग तीन वर्षं पूर्ण होत नाहीत. राहिले, तर कलम १६७ लागू होतं: तुमच्या कंपनीतलं पद राहतं, पण बाकीच्या सगळ्या कंपन्यांमधलं जातं. म्हणजे चूक तुमच्या कंपनीची आणि पद जाणार तुमच्या पत्नीचं, माहेरच्या कंपनीतलं. ‘नावापुरता संचालक’ असा प्रकार कायद्यात नाही. ज्या दिवशी तिची सही घेतलीत, त्या दिवशीच हे तिला सांगायला हवं होतं.

तिने आता राजीनामा दिला तर? कलमात ‘संचालक आहे किंवा होता’ अशी शब्दरचना आहे, त्यामुळे त्यावर मी भरवसा ठेवणार नाही. शिवाय प्रायव्हेट कंपनीला किमान दोन संचालक लागतात, तिच्या जागी तुम्ही कोणाला बसवणार?

रजिस्ट्रार आपोआप नाव काढतील, ही आशा सोडा. कलम २४८ खाली ते काढू शकतात, पण कधी काढतील ते तुमच्या हातात नाही, आणि नाव निघालं म्हणून अपात्रता पुसली जात नाही. संचालकांची देणी आणि जबाबदारीही उरतेच. २०१७ मध्ये तीन लाखांहून जास्त संचालक एका फटक्यात अपात्र ठरले. त्यातले कितीतरी असेच बंद कंपनीवाले होते. मग हायकोर्टात रिट, तारखांवर तारखा, आणि तोवर डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, बंद. वेळेत दोन फॉर्म भरणं सोपं, की वर्षानुवर्षं कोर्टाच्या फेऱ्या मारणं?

आता फी. फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, कमाल मर्यादा नाही. दोन फॉर्म धरले तर एका आर्थिक वर्षाच्या कागदांसाठी ३६५ दिवसांचे ७३,००० रुपये होतात. सरकारने २०१८ आणि २०२० मध्ये अशा थकबाकीदारांसाठी सवलत योजना आणल्या होत्या. सध्या एखादी चालू आहे का, हे सीएला नक्की विचारा. पण योजना येईल म्हणून वाट बघत बसू नका.

काम आजच सुरू करा, कारण ऑडिटला वेळ लागतो. मागच्या दोन वर्षांचे हिशेब पक्के झाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक कुठून आणणार? म्हणून जुन्या वर्षापासून सुरुवात करा. ‘मागच्या तारखेची सही देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून उठून या. सीएला प्रत्येक ऑडिट रिपोर्टवर यूडीआयएन, म्हणजे ऑनलाइन मिळणारा स्वतंत्र क्रमांक, घ्यावा लागतो, तिथेच ते उघडं पडतं. सभा न घेतल्याचा दंड वेगळा लागू शकतो, त्याचा आकडा कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.

कंपनी खरंच नको असेल तर थकलेली विवरणपत्रं भरल्यावर एसटीके-२ या फॉर्मने नाव काढण्याचा अर्ज स्वतः करा, फी १०,००० रुपये. त्याआधी देणी शून्य करा आणि खात्यातले व्यवहार थांबवा. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत धंदा केलेला चालत नाही. जीएसटी नोंदणी असेल तर तिचं अंतिम रिटर्न वेगळं भरावं लागतं, हे लोक हमखास विसरतात.

आणि पत्नीशी आजच बोला. आपण अपात्र नाही, असं डीआयआर-८ या फॉर्ममध्ये ती माहेरच्या कंपनीला लिहून देत असणार. पुढची सही करण्याआधी तुमच्या कंपनीचे फॉर्म कुठवर आलेत, हे तिला माहीत हवं.