लिनक्सला नेट लागत नाही? आधी दिवा बघा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी घरच्या ब्रॉडबँडचीच पत्रं जास्त आली, त्यामुळे सगळी जागा त्यालाच. कमांड इथे उच्चारानुसार देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

प्र. आमच्या सोसायटीत केबलवाल्याचं लॅन कनेक्शन आहे. गच्चीवरच्या डब्यातून वायर थेट घरात येते, राउटर नाही. जुन्या डेस्कटॉपवर विंडोजमध्ये ‘डायल’ केलं की नेट सुरू व्हायचं. आता नव्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. त्याला लॅनचा पोर्ट नाही म्हणून यूएसबी ॲडॅप्टर घेतला. वायर लावली की ‘कनेक्टेड’ दिसतं, पण नेट नाही. त्यांचा माणूस म्हणतो, लिनक्सवर चालत नाही.
– एक वाचक, मुलुंड

उ. चालतं. विंडोजमध्ये तुम्ही जे ‘डायल’ करत होतात त्याला पीपीपीओई म्हणतात, आणि त्याची सोय लिनक्समध्ये फार पूर्वीपासून आहे. ‘कनेक्टेड’चा अर्थ इतकाच की वायर जिवंत आहे. युजरनेम-पासवर्ड अजून कोणी विचारलेलाच नाही.

मेनूमधून ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन’ उघडा (टर्मिनलमधून उघडायचं तर: एनएम-कनेक्शन-एडिटर). अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून ‘डीएसएल / पीपीपीओई’ निवडा. ‘पेरेंट इंटरफेस’मध्ये यूएसबी ॲडॅप्टरचं नाव द्या, मग युजरनेम आणि पासवर्ड. ‘सर्व्हिस’चा रकाना रिकामाच ठेवायचा. तिथे कंपनीचं नाव भरणारे बरेच जण अडकतात. युजरनेमच्या शेवटी चुकून स्पेस राहत नाही ना, हेही बघा. आधीपासून असलेल्या ‘वायर्ड कनेक्शन १’ची ‘आपोआप जोडा’ ही खूण काढून टाका. फेडोरा वापरणाऱ्यांना नेटवर्कमॅनेजर-पीपीपी हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

तरीही नाही लागलं तर दुसऱ्या खिडकीत ही कमांड चालू ठेवून कनेक्ट करा: जर्नलसीटीएल -यू नेटवर्कमॅनेजर -एफ (नावातले एन आणि एम मोठे). तिथे दोनपैकी एक ओळ बहुधा दिसेल. ‘टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स’ असं आलं तर तुमची हाक पलीकडे पोहोचलेलीच नाही किंवा उत्तर आलेलं नाही. म्हणजे वायर, गच्चीवरचा स्विच किंवा त्यांचा सर्व्हर, आणि पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं तर वायर ठणठणीत आहे, पण तुम्हाला आत घेत नाहीत. कारणं तीन: पासवर्ड चुकला, प्लॅन संपला, किंवा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) बांधलेला आहे.

तुमच्या बाबतीत आमचा संशय तिसऱ्यावर आहे. बरेच स्थानिक केबलवाले पहिल्या मशीनचा मॅक नोंदवून ठेवतात आणि तुमचा ॲडॅप्टर त्यांच्या लेखी परका आहे. अशा वेळी काही ठिकाणी ‘फेल्ड’ न येता नुसती शांतताही मिळते. फोन करून ‘नवीन मॅक नोंदवा’ एवढंच सांगा, लिनक्सचं नावही काढू नका. नाहीतर त्याच कनेक्शनच्या ‘इथरनेट’ टॅबमध्ये ‘क्लोन्ड मॅक ॲड्रेस’ असा रकाना आहे, तिथे जुन्या डेस्कटॉपचा मॅक भरा.

वीज जाऊन आल्यावर पाच-दहा मिनिटं आत घेत नाहीत, असंही होतं. तुमचं जुनं सेशन त्यांच्या सर्व्हरवर उघडंच राहिलेलं असतं आणि ते मिटेपर्यंत दुसरं मिळत नाही. थांबायचं.

प्र. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण वायर लावूनही स्पीड टेस्टमध्ये ९४ च्या पुढे काटा जात नाही. उबुंटूचा ड्रायव्हर बदलू का?
– एक वाचक, गिरगाव

उ. ड्रायव्हरला हात लावू नका. ९४ हा आकडाच सगळं सांगतो. १०० एमबीपीएसच्या लिंकवर हेडरचा (डेटासोबत जाणाऱ्या पत्त्याबित्त्याचा) खर्च वजा जाता हाती साधारण ९४ च उरतात. ८० किंवा १२० आले असते तर वेगळा विचार केला असता.

एथटूल आणि पुढे कार्डाचं नाव (आयपी लिंक या कमांडने कळतं) असं टाइप करा आणि ‘स्पीड’ची ओळ बघा. तिथे १०००ऐवजी १०० असेल. मग सुडो डीमेसेज (दुसऱ्या शब्दाची अक्षरं: डी-एम-ई-एस-जी) चालवा. काही कार्डांच्या बाबतीत कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच लिहून ठेवतो की गिगाबिट ठरलं होतं पण १०० वर उतरावं लागलं, ‘चेक केबलिंग’. इतकं स्पष्ट बोलणारं सॉफ्टवेअर विरळाच!

कारण असं: वायरीत आठ तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली किंवा नीट बसली नाही तरी नेट चालू राहतं, फक्त वेग उतरतो, म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. चाळीत गॅलरीच्या कठड्यावरून खिळे मारत नेलेली वायर असेल तर एखाद्या खिळ्याखालीच ती जोडी मेलेली असू शकते.

आधी वायर बदलून बघा. मग कनेक्टर उजेडात धरा, क्लिप खाली आणि टोक तुमच्यापासून दूर. डावीकडून रंग असे हवेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारांची तांब्याची टोकं पारदर्शक प्लास्टिकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मिलिमीटरभर मागे राहिली असेल तर तीच चोर. बाहेरचं राखाडी आवरणही कनेक्टरच्या आत शिरून चिमटलेलं हवं, नाहीतर ओढ बसली की तारा सुटतात. ४ आणि ५ या पिनांची निळी जोडी मधोमध एकत्र असते, पण हिरवी मात्र ३ आणि ६ वर फाकवलेली असते. नवशिक्या कारागीर जोड्या शेजारी-शेजारी लावतो आणि तिथेच घोळ होतो.

क्रिम्पिंगचा पक्कड, कॅट ६ चे कनेक्टर आणि दोन टोकांचा केबल टेस्टर लॅमिंग्टन रोडला एकाच फेरीत मिळेल. कनेक्टर लागतात त्याच्या दुप्पट घ्या, पहिले दोन-तीन वाया जातातच. वायर घेताना ‘पूर्ण तांबं’ आहे का ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण वाकवली की तुटते.

वायर निर्दोष निघाली तर राउटरच्या पाठीवर बघा. स्वस्त राउटरचे लॅन पोर्ट मुळात १०० चेच असतात, डब्यावर वायफायचा आकडा कितीही मोठा छापलेला असो.

प्र. जुन्या पीसीवर डेबियन टाकून त्यालाच राउटर केलं आहे. पीसीवर सगळं उघडतं. पण त्याच्यामागे जोडलेल्या फोनवर आणि टीव्हीवर काही साइट उघडतात, बँकेची मात्र फिरत राहते. डीएनएस तीनदा बदलून झालं.
– एक वाचक, बोरिवली

उ. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. डीएनएस बिघडलं असतं तर साइटचा पत्ताच सापडला नसता. इथे पत्ता सापडतोय, दार उघडतंय, पण मोठं सामान आत येत नाही.

इथरनेटचं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, १५०० बाइटचं. पीपीपीओई त्यातले ८ स्वतःसाठी घेतं, उरतात १४९२. तुमच्या पीसीला हे ठाऊक आहे, फोनला नाही. फोन बँकेला सांगतो, मला पूर्ण आकाराची पॅकेट पाठव. ती वाटेत अडतात. ‘लहान पाठवा’ असा निरोप बँकेकडे परत जातो, पण बँकेची फायरवॉल तो निरोपच आत घेत नाही. छोटी पानं उघडतात, मोठी लटकतात, ती यामुळे.

खात्री करायची असेल तर डेबियनवर टाइप करा: पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१ (इथला एम मोठा). ‘मेसेज टू लाँग’ असं येईल. १४७२ च्या जागी १४६४ टाका, उत्तर येईल. १४६४ मध्ये हेडरचे २८ मिळवले की बरोबर १४९२.

उपाय एका ओळीचा आहे. फायरवॉलच्या मँगल टेबलात, फॉरवर्ड साखळीत, जोडणी सुरू करणाऱ्या म्हणजे ‘सिन’ पॅकेटांसाठी टीसीपीएमएसएस हे टार्गेट ‘क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू’ या पर्यायासह लावा. मग फोनच्या वतीने पीसीच १४५२ चा आकडा सांगतो (१४९२ वजा आयपी आणि टीसीपी हेडरचे ४०; यालाच एमएसएस म्हणतात). नियम रीबूटनंतर टिकेल असा जतन करा, नाहीतर पुढच्या वीज जाण्याला हेच पत्र पुन्हा लिहाल. पीपीपीओई जोडायला पीपीपीओईकॉन्फ हे डेबियनचं साधन वापरलं असेल तर ते सेटअपच्या वेळी एमएसएसबद्दल विचारतं. तिथे ‘नाही’ म्हटलेलं असणार.

प्र. लिनक्स टाकल्यावर लॅपटॉपला वायफायच दिसत नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट हवं आणि नेटसाठी ड्रायव्हर!
– एक वाचक, परळ

उ. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. लॅपटॉपला ते वायरीचं कनेक्शन वाटतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग आरएफकिल लिस्ट करून वायफाय नुसतं ‘ब्लॉक’ तर नाही ना, ते बघा. नसेल तर एलएसपीसीआय -एनएनके चालवा आणि चिपच्या नावाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का ते पाहा. नसेल आणि चिप ब्रॉडकॉमची असेल तर उबुंटू-मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तिचा ड्रायव्हर मिळण्याची शक्यता मोठी.

मेख सिक्युअर बूटची (सही नसलेले ड्रायव्हर अडवणाऱ्या सुरक्षेची) आहे. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबून ‘एनरोल मॉक’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला गेलात तर पडदा निघून जातो आणि ड्रायव्हर असूनही चालत नाही.

प्र. पहिल्या मोठ्या पावसानंतर फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला. लिनक्समध्ये काय तपासू?
– एक वाचक, भांडुप

उ. काही नाही. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल म्हणजे डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही. लिनक्स, विंडोज, सगळे सारखेच हताश. घरात एवढंच बघायचं: पिवळी किंवा काळी बारीक वायर कपाटामागे काटकोनात दुमडली आहे का, आणि हिरवा कनेक्टर निळ्या भोकात खुपसला आहे का. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. दोघं जमत नाहीत. टोकात डोकावू नका. आत येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा असतो, तो दिसत नाही, पण डोळ्याला लागू शकतो.

दिवा हिरवा झाल्यावरही नेट तुटत राहिलं तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर ‘आरएक्स पॉवर’ (आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद) बघा. नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरचा एक प्रकार) डब्याला उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (ताकदीचं माप) आत प्रकाश लागतो. उणे २६ दिसत असेल तर तक्रारीत तोच आकडा लिहा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की राउटर बंद-चालू करायला सांगतात, आकडा दिला की गच्चीवरचा जॉइंट उघडायला माणूस येतो.

प्र. ऑफिसमधून घरच्या लिनक्स मशीनवर एसएसएच करायचं आहे, म्हणजे त्याचं टर्मिनल दुरून चालवायचं आहे. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला, तरी लागत नाही.
– एक वाचक, विलेपार्ले

उ. राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. एकाच पत्त्यावर अनेक घरं असताना बाहेरून आलेली हाक नेमकी तुमच्या दारी येणार कशी? पोर्ट फॉरवर्ड (राउटरपाशी आलेली हाक घरच्या मशीनकडे वळवणं) कितीही केला तरी फरक पडत नाही.

वाटा तीन. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, स्वतःचा पत्ता) घ्या. नाहीतर दोन्हीकडे आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत, जिथे प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता मिळू शकतो) असेल तर राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढ्या मशीनचा २२ नंबरचा पोर्ट उघडा. किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरला घरचं मशीन वायरगार्डने (व्हीपीएनचा, म्हणजे खासगी बोगद्याचा एक प्रकार) जोडून घ्या. ते कर्नल ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून, आतच आहे. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की कंपनीकडची नोंद पुसली जाते आणि बाहेरून पुन्हा वाट सापडत नाही. कुठलीही वाट धरा, पण पोर्ट उघडण्याआधी पासवर्डने लॉगिन बंद करून एसएसएचची ‘की’, म्हणजे किल्लीची फाइल, वापरा.