तीन बाटल्या सिरप

पाऊस सुरू झाला की माझ्याकडे येणारे प्रश्न इतके सारखे असतात की मागच्या वर्षीच्या उत्तरांच्या झेरॉक्स काढून वाटाव्यात असं वाटतं. ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली, सगळीकडून तेच. मी कम्युनिटी मेडिसिनची डॉक्टर, म्हणजे वस्तीत दारं वाजवत फिरणारी, त्यामुळे कोणाच्या घरात काय ऐकून काय चालतं ते बऱ्यापैकी माहीत आहे. यातलं एक उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न : मुलाला डेंग्यू निघालाय, प्लेटलेट ९० हजार. पपईच्या पानांचा रस आणि किवी चालू केलंय, अ‍ॅडमिट करावं का? (घणसोली)

९० हजार या आकड्यावर अ‍ॅडमिट करायचं की नाही ते ठरत नाही, मुलगा कसा आहे त्यावर ठरतं. पोटात खूप दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, हिरड्यांतून रक्त येतंय का, लघवी कमी झालीय का, मुलगा सुस्त पडून आहे का? यातलं एक जरी असेल तर आत्ता हॉस्पिटल गाठा. आणि एक गोष्ट लोक हमखास उलटी समजतात, ताप उतरला की सुटलो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, खरा धोक्याचा काळ सुरू होतो. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या चढवायची सहसा गरज पडत नाही. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. किवी खाऊ दे, फळ आहे, पण मेडिकलवाल्याने पपईच्या कॅप्सूल हातात ठेवल्या तर पैसे वाचवा, प्लेटलेट वेळ आली की आपोआप वर येतात आणि श्रेय कॅप्सूल घेऊन जाते. डॉक्टरांना रोज दाखवा.

प्रश्न : साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलो, लेप्टोची गोळी मेडिकलमधून घेऊन टाकू का? (कळवा)

स्वतःहून नको, पण ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, पायाला जखम किंवा चिखल्या असतील तर आजच. ती गोळी म्हणजे डॉक्सीसायक्लिन, ती गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलांना चालत नाही, आणि आपल्याकडे एकाने आणलेली स्ट्रिप घरभर वाटतात म्हणून हे सांगावं लागतं.

प्रश्न : बाळाला जुलाब होतायत, टेट्रापॅकमधलं ओआरएस आवडीने पितं. चालेल ना? (कोपरखैरणे)

आवडीने पितं म्हणजे ते गोड आहे. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्यात एक लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, ही गोड सरबतं त्याच्या कितीतरी पुढे, आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी घातली ती उगाच नाही. पावडरचं पाकीट आणा, आणि आधी वाचा की ते एक लिटरचं आहे की २०० मिलीचं. लिटरचं अख्खं पाकीट एका ग्लासात ढवळून पाजलेलं मी पाहिलंय, ते बाळाला घातक ठरू शकतं. कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर फेका. जोडीला झिंक १४ दिवस, डोस वयाप्रमाणे डॉक्टर सांगतील. बाळ पीत नसेल, डोळे खोल गेले असतील तर वाट बघू नका.

प्रश्न : बीपी १५०/९६ आलं, त्रास काहीच नाही. शेजारी म्हणतात गोळी एकदा लागली की सुटत नाही. (पाचपाखाडी)

शेजारी अर्धं बरोबर आहेत. बीपी सुटत नाही म्हणून गोळी सुटत नाही, गोळीची सवय लागते असं काही नसतं. त्रास होत नाही हीच तर बीपीची गोम आहे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभराच्या इंडियाब पाहणीत, २०२३ मध्ये आकडे आले, ३५.५ टक्के प्रौढांना बीपी निघालं, त्यातल्या कितीतरी जणांना पत्ताही नसतो. पण एका मापावर निष्कर्ष नको. पाच मिनिटं शांत बसून, आधी अर्धा तास चहा-तंबाखू न घेता, दोन वेगळ्या दिवशी मोजा, १४०/९० च्या वर राहिलं तर फिजिशियनकडे जा. मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं मोजायचं.

प्रश्न : मिस्टर रिक्षा चालवतात. सव्वा महिना झाला खोकला आहे, संध्याकाळी अंग कोमट होतं, पँट कंबरेवर राहत नाही. मेडिकलमधून सिरपच्या तीन बाटल्या झाल्या, जरा बरं वाटतं, परत येतं. नणंद म्हणते धुरामुळे आहे. टीबी निघाला तर चाळीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही. घरात सासूबाई आणि चार वर्षांचा मुलगा आहे. (वागळे इस्टेट)

ताई, उद्या सकाळी त्यांना जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा, बाकीचं परत आल्यावर वाचा.

टीबीच आहे असं मी इथे बसून म्हणत नाही, दमा, बिडी, धूळ काहीही असू शकतं. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे बेडका तपासायचा, हा नियम आहे, आणि तुम्ही पाचव्या-सहाव्या आठवड्यात आहात. सिरपने खोकला दबतो, जंतू दबत नाही. त्यात कोणी 'स्ट्राँग अँटिबायोटिक' म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन दिलं तर अजून घोळ, ते टीबीच्या जंतूवर थोडंफार चालतं, माणसाला चार दिवस हुशारी येते, तपासणी फसू शकते आणि जंतू त्या औषधाला निर्ढावतो. दिघ्याला एका घरी मी जुनी औषधं बघायला मागितली तर माउलीने पिशवी पालथी केली, चार वेगवेगळ्या अँटिबायोटिक्सच्या अर्धवट स्ट्रिपा, तीन सिरपं, एक टॉनिक, आणि बेडक्याची तपासणी एकदाही नाही. अडीच महिने गेले होते.

आणि हे गरिबीमुळेच होतं असंही नाही. २०१९ ते २१ मध्ये देशभर टीबीची पाहणी झाली, लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक कुठेच गेले नव्हते, कारण विचारलं तर ६८ टक्क्यांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केलं होतं, पैसे नव्हते असं सांगणारे जेमतेम दोन टक्के. त्याच पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के एक्स-रे काढला नसता तर सापडलेच नसते, म्हणून डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला तर नाही म्हणू नका.

आता बेडका घ्यायच्या डबीबद्दल, कारण निम्मी गडबड तिथे होते. डबी देतात, माणूस लाजतो, कोपऱ्यात जाऊन पचकन थुंकून देतो, आणि लॅबला थुंकी मिळते, रिपोर्ट निगेटिव्ह. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, उघड्यावर किंवा खिडकीशी उभं राहायचं, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खोकून घट्ट, पिवळसर येईल तो बेडका डबीत घ्यायचा. साधारण दोन नमुने लागतात, तपासणी फुकट. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या बेडका तपासायच्या मशीनवर रिफॅम्पिसिन, म्हणजे टीबीचं मुख्य औषध, चालेल की नाही तेही कळतं.

टीबी निघालाच तर औषध साधारण सहा महिने, फुकट, लघवी नारिंगी होईल, घाबरू नका. दोन महिन्यांत वजन वाढतं, भूक लागते आणि पेशंट म्हणतो झालो बरा. इथे सोडलं की जंतू रेझिस्टंट होऊन परत येतो, हे मी शंभरदा सांगितलंय, एकशेएकाव्यांदा सांगते. खायला सरकारकडून महिन्याला हजार रुपये पेशंटच्या खात्यात येतात, आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले. प्रायव्हेट डॉक्टरकडे गेलात तरी त्यांनी टीबीच्या पेशंटची सरकारकडे नोंदणी करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, झाली का ते विचारा.

चाळीचं म्हणाल तर, ताट-वाटी वेगळी काढून काही होत नाही, टीबी हवेतून पसरतो, खिडकी उघडी ठेवा आणि खोकताना रुमाल. १९५६ मध्ये मद्रासला अभ्यास सुरू झाला, निम्मे टीबीचे पेशंट सॅनिटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या वेगळ्या इस्पितळात, निम्मे घरी दाटीवाटीच्या वस्तीत ठेवून तीच औषधं दिली. घरचे जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना टीबी जास्त झाला नाही. आपल्याकडे लोक अजून सॅनिटोरियमच्या काळात राहतात. खरी काळजी तुमच्या चार वर्षांच्या मुलाची आहे, मिस्टरांचं निदान झालं तर त्याची आणि सासूबाईंची तपासणी त्याच आठवड्यात, आणि मुलाला आजार नसेल तर प्रतिबंधक औषध मागून घ्या. घरातल्यांच्या खाण्याकडेही बघा, झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना रेशन दिलं तर त्यांच्यात नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, २०२३ मध्ये हे छापून आलं. मिस्टरांची शुगरही बघून घ्या.

प्रश्न : लहानपणी बीसीजी घेतलीय, मग टीबी होतो का? (नेरुळ)

होतो. बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा नाही, तामिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या मोठ्या चाचणीत हेच दिसलं.

प्रश्न : एचबी ८.९. बीट, डाळिंब, खजूर चालू आहे, महागडं टॉनिकही आणलंय, तरी दोन महिन्यांत वाढलं नाही. (ऐरोली)

बीट लाल आहे म्हणून रक्त वाढतं हे कोणी ठरवलं कोण जाणे. बाईला १२ हवं, तुमचं बरंच खाली आहे, आणि तुम्ही एकट्या नाही, २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायका, आपल्या राज्यात ५४, रक्तक्षयात निघाल्या. सरकारी लोहाची गोळी फुकट मिळते. लिंबूपाण्याबरोबर घ्या, पुढे-मागे तासभर चहा नको. शी काळी होते, घाबरून गोळी सोडू नका. पण ८.९ का झालं ते शोधा, पाळीत जास्त जातंय का, जंत आहेत का, थॅलेसेमिया मायनर हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा दोष आहे का, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवल्याशिवाय टॉनिकची दुसरी बाटली आणू नका.

प्रश्न : ७२ टेस्टचं फुल बॉडी पॅकेज ९९९ ला आहे, घ्यावं का? (माजिवडा)

नको. ७२ मधली एखादी उगाच लाल रंगात येणार, आणि पुढच्या टेस्टा त्यांच्याकडेच. बीपी, शुगर, कंबर मोजा, बाकीचं डॉक्टर सांगतील ते.

प्रश्न : डॉक्टर, नंबर द्या ना, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप करते. (कोपरी)

नाही. रिपोर्ट आणि जुनी औषधं, ती अर्धवट स्ट्रिपांची पिशवीसुद्धा, घेऊन ओपीडीत जा, आणि सकाळी लवकर, नंतर केसपेपरची लाइन बंद होते.